ज्याची पाळी, त्याचं दळण

मी एक जुनी पिठाची गिरणी आहे, मित्रांनो. बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या गल्लीच्या टोकाला मी असते. माझ्याशी बोलायचं तर जरा ओरडून बोला. पट्टा फिरायला लागला की मला माझंच ऐकू येत नाही. गल्लीतल्या बायका इतकी वर्षं माझ्यापुढं ओरडून बोलल्या, की आता घरीही तशाच बोलतात आणि त्यांचे नवरे मला दोष देतात.

पूर्वी इथल्या बायकांना डोक्यावर दळण घेऊन अनगोळपर्यंत चालत जावं लागे. मग विणकरांनी मिळून सोसायटी काढली, दोन गोल दगड आणले, मोटार बसवली आणि माझा जन्म झाला. धान्य ओततात ते माझं पत्र्याचं तोंड. त्यावर पेंटरकडून लाल अक्षरांत लिहून घेतलं : ‘ज्याची पाळी, त्याचं दळण.’ खाली तेच कानडीत. पाळी हा शब्द दोन्ही भाषांत चालतो. त्यामुळे पाट्यांवरून आमच्या भागात जेवढी भांडणं होतात, त्यातलं एकही माझ्या तोंडावर झालं नाही. सोसायटीचे बाकीचे नियम वरचेवर बदलत गेले, पण ही ओळ म्हणजे आपली घटना, असं पहिले सभासद सांगून गेले होते.

ज्वारी, गहू, नाचणी, जे येईल ते मी दळलं. मिरची मात्र मला मुळीच आवडत नाही. मिरची दळली की माझा चालक भरमू दिवसभर शिंकतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं ते माझ्याकडं बघून. बाकी भरमू माणूस चांगला. मधूनमधून तो माझ्या दगडांना टाकी लावतो, म्हणजे छिन्नीनं ठोकून धार आणतो. दुखतं, पण नंतर फार बरं वाटतं.

माझं सगळ्यांत आवडतं गिऱ्हाईक म्हणजे मनुबाई. ती रोज सकाळी ज्वारी आणायची, दळायची आणि मागावरच्या कामगारांना न्याहारीच्या वेळी गरम भाकरी पोचवायची. तिचं घर त्या भाकरीवर चालायचं. "आज दळलेल्या पिठाला जी विरी असती, ती कालच्याला न्हाय," असं ती सांगायची. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. तो नसला तर भाकरी थापताना चिरते. मनुबाईनं माझ्या पिठाचं कौतुक केलं की मला वाटायचं, तिचं दळण फुकट दळावं. पण मीटर माझ्या ताब्यात नाही.

आता दुःखाची गोष्ट सांगते. गिरणीत पीठ उडतं आणि सगळीकडे बसतं, माझ्या तोंडावरही. आधी कानडी ओळ झाकली गेली, मग मराठी. कुणी पुसलं नाही. सगळ्यांना ती ओळ पाठ आहे असं सगळ्यांना वाटत होतं.

अशात आण्णाप्पा सोसायटीचे अध्यक्ष झाले. माणूस वाईट नाही, पण पद मिळाल्यापासून ते रस्त्याच्या मधोमध चालायला लागले. त्यांनी वार्षिक सभेत ठराव मांडला : कमिटीच्या सभासदांचं दळण आधी, बाकीच्यांचं नंतर. तो बहुमतानं पासही झाला, कारण हात वर करणाऱ्या प्रत्येकाला वाटलं की पुढच्या वर्षी आपणही कमिटीत जाणार.

दुसऱ्या दिवसापासून कमिटीची पोती येऊ लागली. आण्णाप्पांच्या घरी माणसं चार, पण दळण लग्नघराचं. मनुबाईची ज्वारी दुपारी माझ्या तोंडात पडायची. तोवर कामगार हॉटेलात इडली खाऊन मोकळे झालेले असायचे. काहींनी तर भाकरी कायमची बंद केली. मनुबाई रिकामी टोपली घेऊन माझ्या दारावरून जायची तेव्हा मला फिरावंसं वाटत नसे. पण भरमूनं बटण दाबलं की मी फिरते. माझ्या स्वभावाचा हा मोठाच दोष आहे.

मनुबाईची भाची रचना शहरात वकिली शिकते. एका सकाळी ती तरातरा आली. मी जोरात चालू होते. कमिटीचा गहू होता आणि आण्णाप्पा शेजारीच उभे होते.

"आप्पा, घटनापीठ बसवा! पाच जणांचं!" ती ओरडली.

आता सांगते, तेव्हा नवरात्र तोंडावर आलं होतं. माझ्या आवाजात आण्णाप्पांना ऐकू आलं ते एवढंच : घट, पीठ, बसवा आणि पाच. देवीच्या घटाला पीठ पाहिजे आणि पेरायला पाच धान्यं, असा त्यांनी हिशेब केला.

"बसवा की गं!" तेही ओरडले. "देवीच्या कामाला माझी कधी ना न्हाय! लागंल ते माझ्याकडनं!"

पाळीतल्या सगळ्या बायकांनी ते ऐकलं. रचनाला माझ्या आवाजात ‘बसवा’ तेवढं ऐकू आलं आणि ती थक्क झाली. एवढा मोठ्या मनाचा अध्यक्ष तिनं पुस्तकातही वाचला नव्हता.

शुक्रवारी आण्णाप्पा हातात पाच धान्यांची पिशवी घेऊन हसत आले, तर माझ्यासमोर पोत्यांवर पाच जण ओळीनं बसलेले. त्या दिवशी ज्यांचं दळण नव्हतं असेच मुद्दाम निवडले होते. मधोमध गल्लीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या अक्काताई.

"घट कुठं हाय?" आण्णाप्पांनी विचारलं.

"घट न्हाय आप्पा, घटना," रचना म्हणाली. "हे पीठ दळायचं न्हाय. हे निकाल देणार, तुमचा ठराव घटनेत बसतोय का न्हाय त्याचा."

आण्णाप्पांचा चेहरा मैद्यासारखा झाला. पण देवीचं नाव घेऊन दिलेला शब्द चारचौघींत फिरवायचा कसा? भरमूनं मला बंद केलं. दिवसाउजेडी, करंट असताना, मी पहिल्यांदाच गप्प बसले.

"सगळ्यांनी हात वर केलेत," आण्णाप्पा म्हणाले. "लोकशाही हाय का न्हाय? पाच माणसं पोत्यावर बसून सगळ्यांचं मत मोडणार व्हय?"

खरं सांगते, मलाही त्यांचं म्हणणं पटल्यासारखं झालं. अक्काताईंनी रचनाला विचारलं, "दुसऱ्या मुलखात काय करत्यात गं?"

"जर्मनीत ह्याच कामाला येगळं कोर्ट हाय. चोरी-मारामारीच्या केसी तिथं जातच न्हाईत."

"म्हंजे मिरचीची गिरणी येगळी," अक्काताई म्हणाल्या. त्या क्षणापासून जर्मनी हा माझा लाडका देश आहे.

"फ्रान्समधी कायदा लागू व्हायच्या आधीच तपासायची रीत हाय. आता नंतरबी तपासत्यात."

"आधी निवडायचं, मग दळायचं. शहाणी हाईत."

"अमेरिकेत तर कोर्टाला हा अधिकार हाय, असं घटनेत सरळ लिहिल्यालंच न्हवतं. दोनशे वर्सांमागं न्यायाधीशांनीच सांगितलं, हे काम आमचं."

हे ऐकून पोत्यांवरचे पाचही जण ताठ बसले.

"आन् इंग्लंडात?" आण्णाप्पांनी आशेनं विचारलं.

"तिथं पार्लमेंटचा कायदा कोर्टाला रद्द करता येत न्हाय. माणसाच्या हक्कांशी जुळत न्हाय, एवढंच म्हणता येतंय."

"मग आमची सोसायटी इंग्लंडची!"

"सोसायटी वडगावची हाय, आप्पा. आपल्या देशात पार्लमेंटला घटना बदलता येती, पण तिची मूळ चौकट मोडता येत न्हाय."

अक्काताई मनुबाईकडे वळल्या. मनुबाईला भाषण येत नव्हतं. "मला पुढं जायाचं न्हाय," ती म्हणाली. "माझी पाळी माझी असू दे. एवढंच."

अक्काताईंनी भरमूला माझं तोंड पुसायला सांगितलं. लाल ओळ वर आली आणि गल्लीनं ती कितीतरी वर्षांनी वाचली. मग निकाल झाला : "बहुमतानं दळणाचा दर ठरवा, सोमवारी गिरणी बंद ठेवा, भरमूला डोक्यावर टोपी घालायला लावा. पण पाळी काढून घ्यायची न्हाय. पाळी गेली तर ही सोसायटीची गिरणी कशाची? ठराव रद्द."

निकाल झाला खरा, पण पीठाकडे ना पोलीस ना काठी. आण्णाप्पा ऐकतील का, याची मला धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी आण्णाप्पा आले. हातात तीच पिशवी. मनुबाई उभी होती. ते तिच्या मागं उभे राहिले. तेवढ्यात अक्काताई भला मोठा डबा घेऊन आल्या आणि तो त्यांनी सरळ सगळ्यांच्या पुढं ठेवला.

"मी पीठाची अध्यक्ष हाय," त्या म्हणाल्या. "माझं घे रं आधी, भरमू."

मनुबाई उपकारात बुडालेली, ती बाजूला सरकली. भरमूनं डबा उचलला. तेव्हा आण्णाप्पा पुढं आले. रात्रभरात बसलेलं पीठ त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं पुसलं आणि अक्षरांवर बोट ठेवलं.

"आक्का, पाळी," ते म्हणाले. "तुमच्याच पीठानं सांगितलंय."

अक्काताईंनी डोळे वटारले, मग पोट धरून हसल्या आणि डबा घेऊन शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. मनुबाईची ज्वारी माझ्या तोंडात पडली. इतकं बारीक मी आयुष्यात दळलं नव्हतं. न्याहारीच्या वेळी तिची टोपली भरून गेली.

मित्रांनो, माझ्या तोंडावर रोज पीठ बसतं. ते माझ्या धंद्यात बसणारच आणि ते पुसायला मला हात नाहीत. म्हणून दळण घेऊन आलात, की फडक्यानं माझं तोंड एकदा पुसा. पुसून झालं की ती ओळ मोठ्यानं वाचा. मी फिरत असेन, तर आणखी मोठ्यानं.