दाबलं की थांबायचं

"आता न्हाई, दया. आता न्हाई," अकरम टीव्हीकडं बघत पुटपुटला आणि तेवढ्यात दयानंदनं झेप घेतलीच.

ती झेप पार फुकट गेली. चढाईला आलेला गडी त्याच्या हातांवरून उडाला, जाता जाता दयाला शिवला, दयाच्या शेजारी कोपऱ्यावर उभ्या असलेल्या खेळाडूलाही शिवला आणि मध्यरेषेपलीकडं जाऊन पडला. दोन गुण गेले आणि हातातला सामनाही गेला. अर्धापूरच्या केळीच्या वजनकाट्यावर टीव्हीपुढं जमलेली सगळी मंडळी गपगार झाली. दयाचे वडील सटवाजी पहिल्या ओळीत खुर्ची टाकून बसले होते. पोरगा आज पहिल्यांदा कबड्डीच्या मोठ्या लीगमध्ये मॅटवर उतरणार म्हणून त्यांनी नवा पटका बांधला होता. ते उठले, गुरांचं बघायचंय म्हणाले आणि चालू लागले. गुरं त्यांनी गेल्या वर्षीच विकली होती, पण लोकांनी खुर्च्या सरकवून त्यांना वाट दिली.

ते वळणाआड गेल्यावर मात्र सगळ्यांच्या जिभा सुटल्या. कुणी म्हणालं पोरानं घाई केली, कुणी म्हणालं एवढे दिवे बघून बावचळलं. दिवसभर केळीचे घड वाहून अकरमच्या शर्टावर चिकाचे काळे डाग पडले होते, हातही तसेच चिकट होते. तो आपल्या उजव्या अंगठ्याकडं बघत बसला. दया का उडाला, हे त्या सगळ्या गर्दीत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

आता ज्यानं कबड्डी नुसती लांबून बघितलीय, त्याला वाटतं की पकड म्हणजे ताकदीचं काम. ताकद लागतेच की, नाही कोण म्हणतंय? पण पकडीचा जीव असतो साखळीत. कोपऱ्यावरचा एक आणि त्याच्या शेजारचा एक, दोघं हात धरून उभे राहतात. चढाईवाला समोर नाचत असतो. नजर त्याच्यावरून काढायची नाही, तोंडानं बोललं तर त्याला कळतं, म्हणून जे काही बोलायचं ते हातानं. अर्धापूरच्या पोरांचं ठरलेलं होतं: अंगठा दाबला की झेप. अकरम कोपऱ्यावर असायचा, दया त्याच्या शेजारी. अकरमनं दाबलं की तो स्वतः गड्याच्या घोट्याला जायचा आणि त्याच क्षणाला दया वरून भिंतीसारखा कोसळायचा. शाळेच्या मैदानापासूनची सवय होती ही. बिलोली म्हणू नका, उदगीर म्हणू नका, जिथं स्पर्धा असेल तिथं ही जोडी आली म्हटल्यावर चढाईवाले त्या बाजूला फिरकायचे नाहीत.

मग लातूरला लीगची निवडचाचणी झाली. दोघं गेले, एकट्या दयाला घेतलं. तो ताडमाड उंच, खांदे रुंद. अकरमची पाठ थोपटून उंची कमी पडते म्हणाले. परतीच्या बसमध्ये गंमत अशी झाली की, रडला तो दया. निवड झालेला माणूस खिडकीत तोंड घालून हुंदके देतोय, आणि ज्याला नाकारलं तो शेंगा सोलून त्याच्या हातावर ठेवतोय, लोक बघत होते.

तिकडं शिबिरात दयाच्या शेजारी हरियाणाचा एक नावाजलेला कोपरेवाला आला. त्याची रीत बरोबर उलटी. त्याच्याकडं अंगठा दाबला म्हणजे थांब, आणि हात सोडला म्हणजे जा. दयानं हे फोनवर सांगितलं तेव्हा दोघं पोट धरून हसले होते. दयानं ती रीत पाठ केली, सरावात नीट पाळलीसुद्धा. पण ते डोक्यानं शिकणं झालं. ऐन वेळी, जीव घशाशी आल्यावर, हरियाणवी अंगठ्यानं थांब म्हणून दाबलं आणि दयाच्या हाताला ओळखीचा अकरमच भेटला. त्यानं झेप घेतली.

त्यानंतर उरलेला सगळा हंगाम दया बाकावर बसून होता. टीव्हीवर कधीमधी त्याचा गुडघा दिसायचा, कधी टॉवेल.

हंगाम संपल्यावर तो घरी आला. पुढच्या शिबिराला ये, बघू, एवढंच संघानं सांगितलं होतं. शिबिरात टिकला तर राहिला, नाहीतर रामराम. दया जेवायचा, झोपायचा, संध्याकाळी वजनकाट्यावर येऊन अकरमशेजारी टेम्पोच्या फाळक्यावर बसायचा. एके दिवशी त्यानं सांगून टाकलं.

"मी न्हाई जात आता. हितंच तुझ्याबरूबर खेळतो. काय वाईट होतं आपलं?"

खोटं कशाला बोला, अकरमला आनंद झाला. पोटात गुदगुल्या व्हाव्यात तसा झाला. दया गेल्यापासून त्याच्या शेजारी कुणी टिकलं नव्हतं. एक यायचा तो घाबरट, दुसरा यायचा तो आपलंच खरं करणारा. स्पर्धांना जायचं मनच होत नव्हतं त्याचं. त्या रात्री तो घरी असा काही जेवला की, आई जोहरानं विचारलं, आज ईद आहे का रे? दया परत खेळणार म्हणून त्यानं सांगितलं. जोहरानं पोळी ताटात टाकली आणि साधंच विचारलं, त्याला काही झालंय का, म्हणून परत आला? अकरमनं हातातला घास परत ताटात ठेवला.

दोन दिवस त्यानं स्वतःशी भांडण काढलं. एक मन म्हणे, तो आपल्या पायानं आलाय, तू थोडंच बोलावलंस? दुसरं म्हणे, त्याला खेळता येतं, ताकद आहे, उंची आहे, मग तो मागं खेचला गेला तो कशानं? माझ्या अंगठ्यानं. तिसऱ्या दिवशी बागेत घड भरता भरता अकरम थांबला.

"दया, माझा हात इसर."

"काय बोलून राहिला तू?"

"खरंच बोलून राहिलो. माझा हात तुझ्या अंगात बसलाय. त्यो काढावा लागंल."

"लहानपणापास्नं धरलाय," दया म्हणाला. "इसरायचा कसा?"

"मीच इसरवतो. दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाई ते."

आणि मग सुरू झालं. वजनकाट्यामागं मोकळी जागा होती, तिथं चुन्यानं रेघा आखल्या. चढाईला आणलं दयाच्या धाकट्या बहिणीला, साक्षीला. ती कॉलेजच्या संघात चढाई करायची आणि पाय तर तिचे असे की भल्याभल्यांना सापडायचे नाहीत. अकरमनं दयाचा डावा हात धरला आणि बजावलं, दाबलं की थांबायचं, सोडलं की जायचं. साक्षी आत आली. अकरमनं दाबलं. दया उडाला. साक्षी हसत परत गेली. पुन्हा आली, पुन्हा तेच. संध्याकाळभर तेच. शेवटी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आधी तुमचं दोघांचं ठरवा, मग मला पकडा."

अकरमनं हट्ट सोडला नाही. मैदानावर जमेना तेव्हा त्यानं मैदानाबाहेर पाठलाग धरला. टपरीवर दयानं भज्याला हात घातला की अकरम त्याच्या मनगटावर अंगठा दाबायचा. म्हणजे थांब. भजी गार होईस्तोवर सोडायचाच नाही. मोटरसायकलवर मागं बसून खांद्यावर दाबायचा, मग रस्ता मोकळा असला तरी दयानं गाडी उभी करायची, मागून हॉर्न वाजोत की शिव्या पडोत. टेम्पोत घड देता घेता दाबायचा, मग दया तेवढं ओझं छातीशी धरून तसाच उभा. भराईवाली माणसं म्हणायची, या दोघांना उन्हानं काय झालंय. सटवाजी लांबून बघायचे. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, पण पोरगा हसायला लागला एवढं दिसत होतं, त्यांना तेवढ्यानंच बरं वाटायचं.

हळूहळू उडणं कमी झालं. आधी दया उडता उडता थबकायचा, त्याच्या पोटऱ्या थरथरायच्या. नंतर तेही थांबलं. आणि एका संध्याकाळी साक्षी आत आली, डावीकडं झुकली, अकरमनं करकचून दाबलं, तरी दया जमिनीत पुरल्यासारखा उभा. अकरमनं हात सोडला मात्र, दया असा काही गेला की साक्षीला मध्यरेषा दिसलीच नाही. ती धुळीतून उठत म्हणाली, आता जा बाबा तू तुझ्या शिबिराला. अकरम हसला, पाठ वळवून हात धुवायला नळावर गेला आणि बराच वेळ तिथं हात धूत राहिला. केळीचा चीक धुतल्यानं जात नाही, हे त्याला काय माहीत नव्हतं?

दया शिबिरात टिकला. पुढच्या हंगामात तो मॅटवर दिसू लागला. वजनकाट्यावर पुन्हा गर्दी व्हायला लागली. एका सामन्यात अगदी तसाच प्रसंग आला, शेवटची चढाई, एका गुणाचा फरक. अकरमला पडद्यावर अंगठा दिसत नव्हता, पण हरियाणवी गड्याचं मनगट ताठलेलं दिसलं, आणि दया हलला नाही. मग पकड झाली, सामना जिंकला. समालोचक त्या कोपरेवाल्याचंच नाव घेऊन घेऊन दमला. सटवाजी अस्वस्थ झाले. आपल्या पोराचं नाव एकदासुद्धा घेत नाहीत म्हणाले.

"मामा, त्यो थांबला," अकरम म्हणाला. "त्यो थांबला म्हणून झालं सगळं."

सटवाजींनी त्याच्याकडं बघितलं, पटका सारखा केला आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.

हंगाम संपला आणि किल्लारीच्या स्पर्धेला दया पाहुणा म्हणून आला. शाल झाली, नारळ झाला, पोरांनी फोटो काढून घेतले. दयानं माईकवर मोठं काही भाषण केलं नाही. आपल्या जुन्या संघाकडून आज एक सामना खेळतो म्हणाला, नुसता मैत्रीचा. मैदानावर लोक नाचायला लागले. अकरमनं कोपऱ्यावरची आपली जागा घेतली. शेजारी दया येऊन उभा राहिला, त्यानं डावा हात पुढं केला, अकरमनं तो धरला. तळहात तोच होता, जरा जाड झाला होता. अकरमला एकदम भरून आलं, नाक ओढून त्यानं समोर नजर लावली.

उदगीरचा चढाईवाला आत आला, चांगला चपळ पोरगा. त्यानं बोनसच्या गुणासाठी मागच्या रेघेपलीकडं पाय टाकला आणि तोच तो क्षण होता, ज्याची अकरमच्या अंगाला जन्माची ओळख होती. काही ठरवायला वेळच नव्हता. त्याच्या अंगठ्यानं दाबलं, जसं शाळेपासून दाबत आला तसं, आणि दयाचा हात तसाच धरून तो घोट्यावर झेपावला.

दया थांबला.

अकरमच्या हातात घोटा आला होता, पण वरून कोसळणारं कुणी नव्हतं. पोरानं हिसडा दिला, पाय सोडवून घेतला आणि तो रेघेपलीकडं गेला. लोक हळहळले. पंचानं अकरमला बाहेर जायची खूण केली. दयाला तेव्हा उमगलं. तो स्वतःच्या हाताकडं बघत राहिला आणि त्याचं तोंड उतरलं.

"अकरम, मला वाटलं..."

"थांबलास," अकरम म्हणाला. "बराबर थांबलास." गुडघ्यावरची माती झटकत त्यानं दयाच्या पाठीवर थाप मारली. त्याला हसायचं होतं, आणि तो हसलाही. पण बाहेर जाताना त्याला रडू आवरत नव्हतं.

तो रेघेबाहेर मातीत मांडी घालून बसला. अर्धापूरची चढाई रिकामी गेली आणि उदगीरचा पुढचा चढाईवाला आत आला. रिकाम्या कोपऱ्यावर सरकायला अजून कुणी आलं नव्हतं. दया गुडघ्यात वाकून त्या गड्याकडं बघत उभा होता, आणि त्याचा डावा हात, धरायला कुणी नसलं तरी, बाजूला तसाच पसरलेला होता.