मी खट्टू, मुक्काम बोनकोडे

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे, आणि सध्या आनंदाने इतका फुगलो आहे की शब्दकोशातल्या माझ्या ओळीत मावत नाही. माझं नाव खट्टू. नाव ऐकून लगेच सांत्वनाला येऊ नका. मन लहान होणं हा माझा धंदा आहे, स्वभाव नव्हे. दातांचा डॉक्टर काय घरी गाल धरून बसतो?

आमचं कुटुंब मोठं. विषण्णकाका फक्त पुस्तकात राहतात आणि जोडाक्षर नसलेल्या घरी पाणीही पीत नाहीत. खिन्न शोकसभांना जातो. उद्विग्न पुढाऱ्यांच्या राजीनाम्यात कामाला आहे. राजीनामा मागे घेतला की त्याला रजा मिळते. हिरमुसला हा माझा जुळा भाऊ. आम्ही दोघं घरगुती. कुणी कबूल केलेलं मोडलं, कुणी लाडू वाटताना वगळलं, की आम्हाला बोलावणं यायचं. आया मला फार कौतुकाने वापरत. 'माझं बाळ खट्टू झालं होय?' एवढं म्हटलं की बाळ अर्धं बरं व्हायचं.

मग टेन्शन आलं. त्याने नवी मुंबईच्या प्रत्येक सेक्टरमध्ये फ्लॅट घेतला. परीक्षा असो, नळाचं पाणी गेलेलं असो की मामाचं ऑपरेशन, सगळीकडे तेच हजर. मी आपला साताऱ्याकडे एका गावात पडून होतो. तिथून विजयमालाच्या बोलण्यात बसून नवी मुंबईतल्या बोनकोडे गावात आलो. तिचे यजमान सयाजी एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलतात. दोघं धोंडूबाईंच्या चाळीत भाड्याने राहतात. इथे आल्यावर तीसुद्धा टेन्शनच म्हणू लागली, आणि मी तिच्या जिभेखाली झोपून राहिलो.

यंदा मात्र काम निघालं. धोंडूबाई म्हणजे गावच्या नावाजलेल्या धवलारीण. आगरी लग्नात विधी चालू असताना धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी बाई ती धवलारीण. अर्ध्या बोनकोड्याची लग्नं धोंडूबाईंच्या गळ्याने लागली. आता त्यांची नात मिताली हिचं लग्न ठरलं. घरात नुसती धांदल. मांडव, डीजे, साड्या, पुन्हा साड्या. मितालीने एकच हट्ट धरला होता: माझ्या हळदीला आजीच गाणार.

आणि नेमक्या धोंडूबाई गप्प झाल्या. भाकरी अर्धी टाकू लागल्या. मांडव उभा राहिला तरी गळ्यातून एक ओळ निघेना. मिताली घाबरली. तिने मोबाइलवर बरंच काही वाचलं आणि वडिलांना, धनेशला, सांगितलं की आजीला डिप्रेशन आलंय.

मित्रांनो, डिप्रेशन हे खऱ्या आजाराचं नाव आहे. ते असेल तिथे डॉक्टरच हवा; तिथे मी मध्येमध्ये लुडबुड करत नाही. तेव्हा आजीला दाखवून आणलं ते उत्तमच केलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, शांतपणे पुष्कळ विचारलं, आणि आजार काही दिसत नाही, घरच्यांनीच यांच्याशी बोला, असं सांगितलं. घरचे बोलले. सगळे एकच बोलले: टेन्शन घेऊ नको. धोंडूबाईंनी ते मुळात घेतलंच नव्हतं, तर परत काय करणार?

हळद उद्यावर आली. आईला त्रास नको म्हणून धनेशने उरणकडच्या दुसऱ्या धवलारणीला फोन करायचं ठरवलं. ओट्यावर बसलेल्या धोंडूबाईंनी ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. तेवढ्यात विजयमाला तांदूळ निवडायला आली. तिने सूप खाली ठेवलं, म्हातारीकडे पाहिलं, आणि काय झालं कोण जाणे, तिने मला बाहेर काढलं.

"आजी, खट्टू झालाय व्हय?"

मी ताडकन उठून उभा राहिलो.

"खट्टू म्हंजे कं गो?" धोंडूबाईंनी विचारलं.

विजयमालाला पटकन सांगता येईना. "म्हंजे बघा, जत्रंला न्हेतो म्हणून कबूल करत्यात आन् लेकराला ठिवून समदी निघून जात्यात. मग ते दारात कसं बसतं? रडत न्हाई, बोलत न्हाई. तसं."

धोंडूबाईंनी पदर खाली घेतला. "त्येच झालंय मना," त्या म्हणाल्या. "मना सुपारी कोनी दिली नाय."

धोंडूबाईंचा नेमच होता तो. नारळ-सुपारी हातात पडल्याशिवाय धवला गायचा नाही. गावाने तो नेम इमाने पाळला. घरच्यांनी मात्र धरून ठेवलं होतं की आजी घरचीच, तिला कसलं आमंत्रण. पत्रिका पार पनवेलपर्यंत वाटल्या गेल्या. ओट्यापर्यंत कुणी आलंच नव्हतं.

विजयमाला आत गेली आणि धनेशला दोन शब्द बोलली. धनेशने फोन ठेवला. ताटात नारळ-सुपारी घेतली, मितालीला हाताला धरलं, आणि बाहेर येऊन आईच्या पायाशी बसला.

"आये," तो म्हणाला, "मितालीच्या लग्नाला धवले गायला यावा लागंल."

धोंडूबाईंनी नारळ कानाशी नेऊन हलवला, आत पाणी आहे याची खात्री केली. सुपारी सावकाश कमरेला खोचली. मग मांडवाकडे बघत म्हणाल्या, "लगीनसराय हाय. बगते, जमतंय का."

मिताली हसता हसता रडायला लागली. धोंडूबाईंनी तिला जवळ ओढलं आणि तिथेच, डीजेवाला वायरी जोडत असताना, आवाज लावून पाहिला. पहिली ओळ थोडी घोगरी निघाली. दुसरीला डीजेवाला वायर हातात धरून तसाच उभा राहिला.

त्याच क्षणी माझी नोकरी गेली. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घरचं माणूस गप्प झालं, तर हाताला लागेल तो पहिला शब्द त्याच्यावर टाकून मोकळे होऊ नका. जरा शोधा, त्याच्या मापाचा काढा, आणि विचारून झालं की उत्तर येईपर्यंत तिथेच बसा. तो शब्द मी निघालो, तर मला लवकरात लवकर बेकार करा. या धंद्यात त्याहून मोठी बढती नाही.