सासवडाएवढं सिंगापूर

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली ते २०२३ साल. त्याच वर्षी दिवाळीनंतर आमची नात पद्मजा पहिल्यांदा बाळंत व्हायची होती. ती नवऱ्याबरोबर सिंगापूरला. तिची आई, म्हणजे माझी लेक आनंदी, पद्मजा शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून हडपसरचं आमचं घर हेच तिचं माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टर म्हणाले, दिवस भरत आलेत, आता विमान नको.

"आजी, मग तूच ये ना," ती फोनवर म्हणाली. "पुण्याहून थेट विमान आहे. साडेपाच तास."

"लांब किती?"

"चार हजार किलोमीटर असेल."

त्या आकड्याने मला काही उमजलं नाही. साडेपाच तास मात्र उमजले. लग्न झाल्यावर मी सासवडला माहेरी जायची ती बैलगाडीने. उजाडताना निघालं की दिवेघाट चढून जेवणवेळेला आईच्या दारात. तेवढाच वेळ.

आमचे मालक बजरंगराव हसले. "मार्केट यार्डापतूर बसमधी बसवत न्हाई तुला. गुडघं धरून कण्हतीस. आन् सिंगापूर?"

"सासवडाएवढं हाय. बसते मी," मी म्हणाले आणि लाडवांसाठी डिंक तळायला घेतला.

निघायच्या आदल्या दिवशी तिकीट छापून आलं. साठी उलटल्यावर मी लिहा-वाचायला शिकले होते, म्हणून चष्मा लावून आकडे स्वतःच वाचले. पुण्याहून निघणार दोनला. सिंगापूरला पोचणार दहाला. म्हणजे आठ तास!

मला न्यायचं म्हणून पोरीने खरा वेळ लपवला. गुडघ्यांची भीती होतीच, पण हे जास्त लागलं. पिशवीतली कुंची, टोपडी, बाळंतशोपा सगळं मी कॉटवर काढून ठेवलं.

"म्या न्हाई जायची. वाटंतच माझे पाय धरले, तर तिनं स्वतःला सांभाळायचं का मला?"

मालकांनी चहाची बशी खाली ठेवली. "सकाळी सहाला आपण चहा पितो, तवा पोरगी फोन करती. कुठनं करायची?"

"हापिसातनं."

"सहाला कुठलं हापिस उघडतं गं? तिथं तवा साडेआठ वाजलेलं असत्यात. तिकडं दिस आधी उगवतो. तिथलं दहा म्हंजे आपलं साडेसात."

मी पुन्हा हिशेब केला. साडेपाच तासच.

"मग आधीच का न्हाई सांगितलं?"

"शिकलेली तू. म्हणलं, ठाऊक असंल."

मी कुंची परत पिशवीत घातली. "तुमच्या जेवणाचं काय पण?"

"भाकरी येती मला."

"कवा केलीय?"

"तू जा तर आधी!"

विमानात दोनदा उठून फेऱ्या मारल्या. गुडघे आखडले नाहीत. विमानतळावर पद्मजा पोट सांभाळत उभी होती.

"दमलीस का गं आजी?"

"न्हाई. सासवडच्या वाटेला धूळ जास्त असायची."

पुढच्या आठवड्यात तिला मुलगी झाली. तिला न्हाऊमाखू मी घातलं, शेक-शेगडी मी केली. मालकांनी पणतीला फोनवर पाहिलं आणि पहिलं हेच विचारलं, "किती वाजलं तिथं?"

पुढच्या पावसाळ्यात ते आजारी पडले. सकाळी फोन केला, संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला पद्मजा लेकीला घेऊन दारात. पणतीने त्यांचं बोट धरलं ते बराच वेळ सोडलं नाही.

माझे मालक बजरंगराव २०२४ साली नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी घरीच वारले.