खालून काटे असलेली अळंबी

पुतणी डोंगरावरून उतरली ती थेट काकांच्या दारात. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढायची. तिनं पिशवीतून तळहाताएवढी, फिकट नारिंगी अळंबी काढून टेबलावर ठेवली.

"काका, ही कसली? खालून बघा ना."

काकांनी हात लावला नाही. कॉलेजात एकवीस वर्षं त्यांनी वनस्पतींचे नमुने सांभाळले होते. पण आठ वर्षांपूर्वी एका अळंबीला ते "चालेल" म्हणाले आणि काकू चार दिवस सलाइनवर होत्या. तेव्हापासून घरात तो विषय बंद. काकूंनी त्यावरून कधी बोल लावला नाही. काकांना तेच जास्त लागलं होतं.

तरी त्यांनी चष्मा पुसला. टोपीखाली पापुद्रे नव्हते, कंगव्याच्या दातांसारखे मऊ काटे होते. देठ चिरल्यावर कड हळूहळू तांबूस झाली. मग काळ्या कागदावर टोपी ठेवून त्यांनी वर वाटी झाकली. सकाळी कागदावर पांढरी पूड उतरली होती. ती आणि अळंबी घेऊन ते कॉलेजात गेले. काकांच्या मनात होतं तेच नाव तिथल्या मॅडमनी, काका काही बोलायच्या आधीच, सांगितलं.

संध्याकाळी पुतणी आली.

"ओळखली," काका म्हणाले.

"म्हणजे खायला चालेल?"

"ओळखली, एवढंच म्हणालो मी."

काकूंनी टेबलावरची अळंबी उचलली, स्वच्छ पुसली, कांद्यावर चांगली वीस मिनिटं परतली आणि ओट्यापाशी उभ्यानंच दोन फोडी खाल्ल्या.

"अगं, थांब!" काका उठले.

"जरा कडवट आहे," काकू म्हणाल्या. "मीठही कमी पडलंय." उरलेली झाकून त्यांनी फ्रिजमध्ये ठेवली आणि इस्त्रीला बसल्या.

दुसऱ्या दिवशी काका त्यांच्या मागं मागं फिरत होते.

"सारखं काय बघताय? धडधाकट आहे मी."

संध्याकाळी पुतणी आल्यावर काकूंनी उरलेली गरम करून तीन बशांत वाढली. काकांनी पहिला घास बराच वेळ चावला. मग बशी पुसून खाल्ली.

"आणखी आणू का?" पुतणीनं विचारलं.

"आण की. पण यांना घेऊन जा बरोबर."

"माझे गुडघे कुठं चढताहेत आता," काका म्हणाले आणि बूट किती दिवसांत पॉलिश केले नाहीत ते बघायला गेले.