टाचेची रेघ

माघ सरत आला होता. गुऱ्हाळांच्या धुरात न्हालेलं, गूळवर्णी, स्निग्ध ऊन कोल्हापूरच्या मैदानावर उतरलं होतं. हिरवळीवर ऊन, दगडी पायऱ्यांवर ऊन, गोलाच्या शुभ्र खांबांवर ऊन. आणि राखीव खेळाडूंच्या बाकावर, पाठ ताठ ठेवून, पद्मजा मगदूम. वय पस्तीस. गोलरक्षक.

खरं सांगायचं तर ही बाई बाकावर बसलेली बघवत नव्हती. सतरा वर्षांचा हरिततृणांचा संसार तिचा! गोवा, चेन्नई, एक हंगाम थायलंड. देशाची निळी जर्सी चार वेळा. दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया. आणि आज घरच्या मैदानावर, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, गोलात उभी होती एकोणीस वर्षांची अवंती खोत.

प्रशिक्षक निंबाळकर मॅडमनी सकाळीच आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "पद्मा, पुढच्या वर्षी करार एकाच गोलरक्षकाचा. आज पोरीला उतरवते. जिंकलो तर ती. नाहीतर अजून एक वर्ष तू."

पद्मजा नुसतं "बरं" म्हणाली. पण तिला ते एक वर्ष हवं होतं. अगदी जिवापासून हवं होतं.

तिचे हात घडले ते छपराखाली. अण्णा, तिचे वडील, घरं शाकारायचे. वैशाखतप्त दुपारी ते आढ्यावर बसून एकेक कौल खाली सोडायचे, आणि फ्रॉकातली पद्मा ते झेलायची. आरक्त कौलं, शेवाळश्यामल कौलं, कडेला चिरलेली, चिमणीच्या काड्या चिकटलेली कौलं. "हात मऊ ठेव गं," अण्णा वरून ओरडायचे. पुढं शाळेत चेंडू आला तेव्हा तिला हसूच आलं. हा तर सुटला तरी फुटत नव्हता!

हात अण्णांनी दिले. रेघ तिची तिनं शोधली. गोलरक्षकाची नजर सदा पुढं, चेंडूवर; पाठीमागचे खांब कोण बघणार? म्हणून गोलाच्या बरोबर मध्यासमोर, चार पावलं पुढं, टाचेनं गवतात वीतभर रेघ ओढायची. रेघेवर पाय असला की दोन्ही खांब सारख्या अंतरावर. नियमात बसत नाही, पण पंच बहुतेकदा पाहून न पाहिल्यासारखं करतात. अवंतीला ही रेघ पद्मजानंच शिकवली होती.

मध्यंतर झालं. एक गोल आपला, त्यांचा शून्य. बाजू बदलल्या.

पद्मजा आता गोलामागच्या पट्टीत हातपाय मोकळे करत होती. आणि तिथूनच तिला ते दिसलं. घाबरलेल्या पोरीनं आपली रेघ ओढलीच नव्हती! पहिल्या अर्ध्यात इथं उभ्या असलेल्या लिसानं, पाहुण्या संघाच्या गोलरक्षकानं, ओढलेली रेघ तिला आयती मिळाली होती आणि ती त्या रेघेवरच जाऊन उभी राहिली होती.

आणि लिसाची रेघ मधोमध नसते. गोव्यात लिसा आणि पद्मजा दोन वर्षं एका खोलीत राहिल्या होत्या. लिसाचा डावा खांदा जुना दुखावलेला, डावीकडं झेप तोकडी पडते, म्हणून ती हातभर डावीकडं सरकूनच उभी राहते. रेघ लिसाच्या दुखऱ्या खांद्याची होती. अवंतीचे दोन्ही खांदे शाबूत होते, आणि तिच्या उजवीकडची बाजू उघडी पडली होती.

पहिलाच फटका आला तो उजवीकडं. अवंती झेपावली, हातभर कमी पडली. चेंडू खांबावर आदळून बाहेर गेला. पायऱ्यांवरून "आई गं!" झालं.

पद्मजा गप्प राहिली.

हो, राहिली. देवमाणूस नव्हती ती. ऊन हिरवळीवरून सरकत होतं, खांबांच्या सावल्या लांबत होत्या, आणि तोंड मिटून धरलं तर एक वर्ष तिचं होतं. चूक पोरीचीच होती की! कुणी कधी विचारलंही नसतं. एक मिनिट. दोन मिनिटं. पाच मिनिटं.

मग पाहुण्यांना फ्री किक मिळाली. अगदी गोलासमोरच्या पेटीच्या तोंडाशी. आपल्या खेळाडूंची भिंत उभी राहिली. अवंतीनं खाली पाहिलं, परक्या रेघेवर पाय नीट रोवला. आणि पद्मजाला अण्णा आठवले. छप्पर कुणाचं का असेना, वाकडं बसलेलं कौल दिसल्यावर ते कधी तसेच शिडी उतरले नव्हते. पुन्हा वर चढायचे. भर उन्हात.

"अवंते!" तिचा आवाज पायऱ्यांपर्यंत गेला. "ती रेघ तुजी न्हवं! लिसाची हाय, डावीकडं सरकलीया! सोताची मार!"

पोरीनं मागं वळून खांब पाहिले. टाच घासली. हातभर उजवीकडं एक कोवळी, ओली, मृद्गंधी रेघ उमटली.

शिट्टी. फटका. चेंडू भिंतीवरून वळला, उजव्या कोपऱ्याकडं, वरच्या अंगाला. अवंती झेपावली. हात मऊ होते. चेंडू त्या हातांत येऊन निजला.

सामना एक-शून्य असाच संपला. मॅडमनी अवंतीची पाठ थोपटली आणि पद्मजाकडं पाहून मान खाली घातली. वेगळं काही सांगायची गरज उरली नव्हती.

अवंती धावत आली. डोळे भरलेले. "आक्का, तुमी गप्प बसला असता तर..."

"बसलो हुतो की," पद्मजा म्हणाली. "पाच मिन्टं."

पोरीनं आक्काच्या गळ्यात हात टाकले, आणि मग मात्र पद्मजा रडली. मोठ्यानं, लाज न बाळगता रडली.

मैदान रिकामं होत गेलं. गूळवर्णी ऊन ताम्रवर्णी झालं. तुडवल्या गवतात दोन रेघा होत्या, एक सरकलेली, एक नवी. पद्मजा नव्या रेघेवर जाऊन उभी राहिली, गोलाकडं पाठ करून, सतरा वर्षं उभी राहिली तशी. तिनं दोन्ही हात पसरले. मग, आयुष्यात पहिल्यांदा, रेघेवर उभी असताना मागं वळून खांब पाहिले.

डावीकडं जेवढं अंतर, उजवीकडंही तेवढंच होतं.