सातवा बंध

सोमवारी सकाळी विभागातल्या संगणकावर वर्षालीनं आपली जुनी फाइल उघडली आणि पडद्यावरचा रेणू माउसनं हळूहळू फिरवला. सातव्या बंधापाशी तिचा हात थांबला. तिथं लॉकची खूण होती. ती तिनंच केली होती, आणि काढायची विसरली होती.

काम तसं सोपं. कोणते बंध फिरू द्यायचे ते सांगायचं, ओळीनं चार अणू निवडायचे, मधल्या बंधाभोवतीचा डायहेड्रल कोन किती अंशांनी बदलत न्यायचा ते ठरवायचं. बिजागरीवर दार फिरावं तसा रेणूचा एक भाग फिरतो आणि संगणक दर वेळी ऊर्जा मोजतो. सगळ्यात कमी ऊर्जा जिथं, तो रेणूचा खरा आकार. पण सगळेच बंध मोकळे सोडले की विभागातला संगणक चार-चार दिवस घेतो. म्हणून वर्षालीनं चाचणीपुरता सातवा बांधून ठेवला होता. मग त्या चाचणीचंच उत्तर घेऊन ती अकोल्याच्या परिषदेत उभी राहिली, टाळ्या घेऊन आली, आणि तिचे गाइड गावंडे सर साऱ्या अमरावतीत तिचं कौतुक सांगत सुटले.

शनिवारी तेच सर आकांक्षावर तडकले. आकांक्षा पातूरकडची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली, वर्षालीच्याच खोलीवर राहणारी. वर्षालीनंच शब्द टाकून तिला सरांकडे आणलं होतं. तिनं सगळे बंध मोकळे सोडून तोच रेणू पुन्हा तपासला, तर ऊर्जा बरीच खाली गेली.

"इतकं खाली कसं जाईल? बंध निवडता येत नाही तुले, अन् आकडे घेऊन भांडून राहिली! वर्षालीचं पाहून शीक. सोमवारपर्यंत जुळलं नाही, तर दुसरा गाइड पाय."

सगळ्यांदेखत बोलले. वर्षाली शेजारीच उभी होती. तिला त्याच क्षणी आपल्याच आकड्याची शंका आली होती, तरी ती पेनाचं टोपण काढत-घालत गप्प राहिली. रविवारभर आकांक्षा विभागात बसून होती, आणि वर्षाली खोलीवर.

आता शंकेला जागा नव्हती. चूक आपली आणि बोलणी त्या पोरीला, याची तिला इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या. सरांना सांगायचं. अकोल्याची टाळी गेली तर गेली. ती उठली आणि सरांच्या केबिनकडे निघाली.

दार उघडंच होतं. आत आकांक्षा लॅपटॉप घेऊन उभी.

"ये, ये," सर हसत म्हणाले. "जमलं हो हिचं! तुझ्या आकड्याशी तंतोतंत."

वर्षालीनं वाकून पडद्याकडे पाहिलं. बाकीचे सगळे बंध मोकळे होते. फक्त सातव्यासमोर लॉकची खूण होती.

सातवा बांधलेला आहे, हे वर्षालीची फाइल उघडल्याशिवाय कुणाला कळणं शक्य नव्हतं. तिनं आकांक्षाकडे पाहिलं. आकांक्षा लॅपटॉपची वायर गुंडाळत होती.

"तू काही सांगाले आली होती काय?" सरांनी विचारलं.

वर्षालीनं तोंड उघडलं. वाक्य जिभेवर तयार होतं.

"ताईनंच सांगतलं सर," आकांक्षा घाईनं मध्ये बोलली. "कोणता बंध लॉक करा लागते, थे. माहंच चुकलं होतं."

"मंग तिचे आभार मान ना! अशी सिनियर भेटाले नशीब लागते."

आकांक्षानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग असता तर वर्षालीला सोपं गेलं असतं. पण तिथं नुसती काळजी होती, आजारी माणसाजवळ बसणाऱ्याला असते तशी.

"थँक्यू, ताई."

सर दोघींकडे कौतुकानं पाहत होते.

"असू दे," वर्षाली म्हणाली.