आपोआप नूतनीकरण

शनिवारी दुपारी सव्वातीनला नम्रताने आरोहीचा नर्सिंगचा फॉर्म शेवटच्या पानापर्यंत आणला आणि फी भरायचं बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. खात्यात पुरेशी रक्कम नाही.

"असं कसं होईल?" ती स्वतःशीच पुटपुटली.

खेडच्या एसटी स्टँडमागे तिचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं. लोक फीचे पैसे रोख देत आणि ती आपल्या खात्यातून भरत असे. सात वर्षांत कुणाची फी चुकली नव्हती. आज बाकड्यावर आरोहीची आजी जाईबाई बसली होती. नात तापाने फणफणली होती म्हणून म्हातारी एकटीच कागदांची पिशवी घेऊन गावाहून आली होती. फॉर्मची मुदत पाच वाजता संपत होती.

नम्रताने मोबाइल उघडला. सकाळी अकराला बँकेचा मेसेज आला होता. अँटिव्हायरसच्या नूतनीकरणापोटी दोन हजार नऊशे अठ्ठ्याण्णव रुपये वजा. गेल्या वर्षी हाच अँटिव्हायरस तिने दोन कॉम्प्युटरसाठी आठशे नव्याण्णवला घेतला होता. तेव्हा पैसे भरताना 'आपोआप नूतनीकरण' अशी एक बारीक ओळ होती, खूण आधीच केलेली. तिने ती वाचलीसुद्धा नव्हती. दुसऱ्यांचे फॉर्म अक्षर न् अक्षर वाचणारी ती, स्वतःच्या वेळी घाईत होती.

आणि कालच पैसे कापले जाणार असल्याचा मेसेज आला होता. तो तिने खोटा समजून पुसून टाकला होता. समजणारच. भरणे गावातल्या एका निवृत्त मास्तरांचे अशाच मेसेजपायी चाळीस हजार गेले, तेव्हापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत होती, अँटिव्हायरस संपला असा मेसेज आला तर बोट लावू नका. आता खऱ्याचं तोंडही खोट्यासारखंच असेल तर माणसाने ओळखायचं कसं?

"काय झालं गो बाय?" जाईबाईने विचारलं. "पैसं कमी पडतंत काय?"

"नाही आजी, तुमचे बरोबर आहेत. माझ्या खात्यातून दुसऱ्याने काढलेत."

"चोरलान?"

"चोरले असते तर पोलिसांत तरी गेले असते."

चौथा शनिवार, बँक बंद. नम्रता रोख रक्कम मुठीत धरून समोरच्या मेडिकलवाल्या बाबूकडे धावली. "बाबूदादा, ही रोकड ठेवा आणि एवढे माझ्या खात्यावर पाठवा." बाबूने पाठवले. पण 'प्रक्रिया सुरू आहे' असं म्हणत ते चक्र फिरतच राहिलं. पैसे इकडे आले नव्हते, तिकडे उरले नव्हते. चार वाजले, सव्वाचार झाले. जाईबाई बाकड्यावरून उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. चार चाळीसला पैसे जमा झाले. फी गेली, पावती निघाली. जाईबाईने पावती घडी करून पोलक्यात खोचली आणि स्टँडकडे निघून गेली.

आता तिला कंपनीला जाब विचारायचा होता. तिने नेटवर ग्राहक सेवेचा नंबर शोधला, पहिला दिसला तो लावला. पहिल्याच रिंगला एकाने उचलला. फारच गोड बोलला. "मॅडम, लगेच परत करतो. फक्त एक ॲप टाकून घ्या, मला तुमचा स्क्रीन दिसला पाहिजे."

तिने फोन कापला. रागाच्या भरात आपणही मास्तरांच्याच वाटेने निघालो होतो.

खरा नंबर गेल्या वर्षीच्या बिलावर सापडला. तिथे होल्डवर तेवीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली.

"मॅडम, तुम्ही आमच्या जुन्या ग्राहक आहात. तुमच्यासाठी खास पन्नास टक्के सूट देते."

"मग सकाळी पूर्ण कशाला घेतलेत?"

"ते सिस्टिम आपोआप घेते, मॅडम."

बोलता बोलता नम्रताने कंपनीची साइट उघडली होती. तोच अँटिव्हायरस, दोन कॉम्प्युटर, एक वर्ष, नऊशे नव्याण्णव.

"इथे तर हजाराला दिसतोय!"

"ती ऑफर नवीन ग्राहकांसाठी आहे."

"म्हणजे मी वर्षभर तुमच्याकडे टिकले, त्याचा दंड तिप्पट?"

"मॅडम, ती पन्नास टक्के सूट देऊ का?"

"सूट नको. पैसे परत करा."

तीस दिवसांच्या आत परतावा मागता येतो, हे नम्रताने तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या मुलीने सांगितलं. तक्रारीचा नंबर दिला. आपोआप नूतनीकरण बंद करायचं बटण साइटवर चार पानं आत दडवलेलं होतं आणि दाबल्यावर लाल त्रिकोणासह विचारत होतं, खरंच धोका पत्करायचा आहे का? नम्रताने 'हो' दाबलं. मग मोबाइलमधल्या पैशांच्या ॲपमध्ये जाऊन त्या कंपनीला दिलेली कायमची परवानगीही काढून टाकली.

सोमवारी ती बाजारपेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानदाराने त्याच कंपनीचा डबा पुढे ठेवला. साडेआठशे रुपये.

"दर वर्षी मुदत संपायच्या आत असाच नवा घ्यायचा," तो म्हणाला. "जुन्याचं नूतनीकरण करायला कोण जातं?"

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

नम्रताने रागारागाने साडेआठशे मोजले आणि डबा उचलला.

परतावा सुखासुखी आला नाही. चौथ्या दिवशी मेल आला, आपला प्रतिसाद नसल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. प्रतिसाद तिने दोनदा दिला होता. तिने पुन्हा फोन लावला, पुन्हा बासरी ऐकली, तक्रार पुन्हा उघडायला लावली. अकराव्या दिवशी पैसे आले, पूर्ण.

मुंबईहून नवऱ्याचा, विनीतचा फोन आला तेव्हा तिने सांगितलं. तो भांडुपला एका कारखान्यात होता.

"मिळाले ना? मग आता का चिडलीस?"

"माझे पैसे मलाच मिळाले, त्यात काय मोठंसं? त्या म्हातारीच्या नातीचं वर्ष गेलं असतं."

फोन ठेवल्यावर तिने पैशांच्या ॲपमधली परवानग्यांची यादी पुन्हा उघडली. अजून तीन निघाल्या. एक कुठल्याशा फोटोच्या ॲपची, एक कधीच न वापरलेल्या ऑनलाइन वर्गाची, आणि एकशे एकोणीस रुपयांची तिसरी, जिचं नाव तिने कधी ऐकलंच नव्हतं. तिने तिन्ही बंद केल्या.

महिनाअखेरीला विनीतचा फोन आला. आवाज चढलेला.

"नम्रता, माझी गाणी का बंद झालीत?"

"म्हणजे ते एकशे एकोणीस रुपये तुझ्या गाण्यांचे? माझ्या खात्यातून चालली होती?"

"तूच तर जोडून दिली होतीस, गणपतीत आलो होतो तेव्हा."

तिला काही केल्या आठवेना.

"बरं," ती म्हणाली, "आता तुझ्या खात्यातून जोड. आणि हे बघ, ती बारीक ओळ वाच आधी."

"कुठली ओळ?"

नम्रताने कपाळाला हात लावला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.